सिस्टिक फायब्रोसिस

आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच होणारा दुर्मीळ आजार. सातव्या गुणसूत्रावरील ‘सीएफटीआर’ जनुकात बिघाड असल्याने पेशींतून क्लोराइडची ये-जा अडते. त्यामुळे फुप्फुसांतला कफ डिंकासारखा चिकट होतो, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात आणि घाम कमालीचा खारट होतो. हे जनुक १९८९ मध्ये सापडले.

सोलापुरात हा आजार ओळखताना घामाकडे आधी पाहायला हवे. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात या बाळांच्या अंगातले मीठ झपाट्याने जाते, बाळ मलूल पडते, रक्तातले सोडियम आणि पोटॅशियम उतरते. ‘ऊन लागलं’ म्हणून सलाइन लावून घरी पाठवले, तर मूळ आजार तसाच राहतो. न्यूयॉर्कमध्येही उष्णतेच्या लाटेत अशी मुले अधिक कोसळत. त्या धाग्यावरून १९५३ मध्ये तिथले बालरोगतज्ज्ञ पॉल दी सांत आन्येसे यांनी या मुलांच्या घामातले जादा मीठ दाखवून दिले. आजही निदानाचा पाया घामाची तपासणीच आहे: क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा जास्त भरले, तर आजाराची दाट शक्यता.

सततचा खोकला आणि न वाढणारे वजन दिसले की आपल्याकडे आधी क्षयाची शंका येते. यंत्रमागांच्या गावात धुळीलाही दोष दिला जातो. पण तेलकट, उग्र वासाची शी आणि कपाळावर सुकलेले मिठाचे पांढरे कण या खुणा वेगळ्या आहेत. ‘मुका घेतला की खारट लागतं’ असे आई सांगत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नये.

मामाच्या मुलीशी लग्नाची रीत इथल्या मराठी, तेलुगू, कानडी घरांत जुनी आहे. रक्ताच्या नात्यात एकच सदोष जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसूनही एक सदोष जनुक बाळगणारे, असल्यास दर गर्भारपणात बाळाला आजाराचा धोका २५ टक्के. यात आईचा दोष काहीच नाही.

उपचार रोजचे आहेत: नेब्युलायझर यंत्रातून खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार श्वासावाटे घेणे, छाती थोपटून कफ काढणे, जेवणाबरोबर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल, उन्हाळ्यात डॉक्टरांनी ठरवून दिलेले जादा मीठ. या मुलांना तेल-तूप तोडायचे नसते. कॅप्सूल घेऊन शेंगाचटणी-भाकरी खुशाल खावी. २०१९ मध्ये आलेल्या तीन औषधांच्या गोळीने अनेकांचे आयुष्य बदलले, पण तिची किंमत सामान्य घराला झेपणारी नाही.

एकेकाळी बालपणीच संपवणारा हा आजार आता तरुणपणीही सोबत असतो. मग मधुमेह जडू शकतो. बहुतेक पुरुषांत वीर्यवाहिनी तयारच झालेली नसते. तरीही वैद्यकीय मदतीने मूल होऊ शकते. बालरोगतज्ज्ञांकडून मोठ्यांच्या छातीच्या डॉक्टरांकडे जाताना कफातल्या जंतूंचे जुने अहवाल सोबत न्यावेत.