नेफ्रोटिक मुलांच्या लसी बंद करायच्या, हे कुणी सांगितलं?

"किडनीचा त्रास असलेल्या मुलाला लस दिली की सूज परत येते, म्हणून सगळ्या लसी बंद." हे वर्षानुवर्षं आईबापांच्या कानावर पडतंय आणि ते चूक आहे.

नेफ्रोटिक सिंड्रोम या किडनीच्या आजारात सकाळी पोराचे डोळे सुजलेले दिसतात, लघवीला फेस येतो, कारण लघवीतून प्रोटीन जातं, आणि त्यात नुसतं अल्ब्युमिन नसतं हो, आयजीजी नावाच्या, जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडीपण वाहून जातात, वरून स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती आणखी दबते. म्हणजे न्यूमोनिया करणारा न्यूमोकोकससारखा जंतू, कांजिण्या, फ्लू या मुलांना जास्त जड जातात. आणि साधी सर्दी झाली तरी आजार उलटू शकतो, हे घरोघरी बघितलेलं असतं, मग इन्फेक्शनपासून वाचवणारी लसच का टाळायची?

खरी अडचण फक्त जिवंत लसींची, म्हणजे ज्यात जिवंत पण कमजोर केलेला जंतू असतो त्या: एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), कांजिण्या वगैरे. स्टिरॉइडचा मोठा डोस चालू असताना त्या देत नाहीत, डोस उतरल्यावर कधी द्यायच्या ते डॉक्टर ठरवतात. न्यूमोकोकल आणि फ्लूचं इंजेक्शन या जिवंत लसी नाहीत, त्या चालतात.

अजून एक, कार्डावर टिक आहे म्हणजे अँटिबॉडी टिकून आहेत असं नाही. डायलिसिसवरच्या मुलांची हिपॅटायटिस बीच्या अँटिबॉडीची लेव्हल म्हणूनच दरवर्षी तपासतात, १० mIU/mL च्या खाली गेली तर बूस्टर देतात.

आणि प्लीज, घरातल्या बाकी भावंडांच्या लसीपण पूर्ण करा.