मेंदूतला करंट कोणाचा?

केळं सोलून साल ओट्यावर टाकली की संध्याकाळपर्यंत ती काळी पडते. या काळेपणाच्या मुळाशी डोपामाइन आहे. हो, तेच, मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडायला वापरतात ते, ज्याला वर्तमानपत्रांनी 'आनंदाचं रसायन' करून टाकलंय. केळ्याच्या सालीत ते भरपूर असतं. सालीतलं एन्झाइम आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेतात, त्याचं क्विनोन बनतं आणि पुढे काळा रंग. (म्हणून केळी खाऊन डोकं खूश होत नाही. रक्तातून मेंदूत शिरायला डोपामाइनला वाटच नाही.)

इलेक्ट्रॉन सोडायची ही खोड अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे राल्फ अ‍ॅडम्स यांनी कामाला लावली. हा माणूस विद्युतरसायनातला. पाऱ्याच्या थेंबांवर मोजमापं चालत त्या काळात, १९५८ साली, त्यांनी ग्रॅफाइटची पूड तेलात मळून इलेक्ट्रोड केला, म्हणजे व्होल्टेज देऊन करंट मोजायचं टोक. काळ्या कणकेसारखा लगदा नळीत ठासायचा, की झालं. १९७३ साली अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी असाच अगदी बारीक इलेक्ट्रोड उंदराच्या मेंदूत बसवला. तिथलं डोपामाइन मोजायचं होतं. कल्पना सरळ होती: व्होल्टेज वाढवत न्यायचं, ठरावीक टप्प्यावर डोपामाइनचा प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन देणार, करंट जितका जास्त, तितके रेणू जास्त.

आलेखावर शिखर उमटलं, चांगलं ठसठशीत. पण ते बहुतांशी क जीवनसत्त्वाचं निघालं! मेंदूतल्या पेशींबाहेरच्या द्रवात ते डोपामाइनच्या हजारो पट असतं आणि जवळपास त्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉन सोडतं. म्हणजे करंट मिळवणं सोपं, तो कोणाचा हे ओळखणं महाकठीण. मला विचाराल तर या विषयाचा पुढचा सगळा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

पहिला तोडगा दारावर पहारेकरी बसवण्याचा. शरीरात क जीवनसत्त्वावर ऋण भार असतो, डोपामाइनवर धन. अ‍ॅडम्स यांच्या गटाने १९८४ साली इलेक्ट्रोडवर नॅफिऑन या ऋणभारित पॉलिमरचा पातळ लेप दिला. जीवनसत्त्व बाहेरच अडलं, डोपामाइन आत आलं.

दुसरा तोडगा मार्क वाइटमन यांनी नावारूपाला आणला. वाइटमन आधी अ‍ॅडम्स यांच्याच प्रयोगशाळेत होते. त्यांचं हत्यार म्हणजे ७ मायक्रॉन जाडीचा कार्बनचा धागा. आपला केस याच्या दहापट तरी जाड भरेल. काचेच्या नळीत ओवून टोकाला मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग उघडा ठेवायचा. त्यावरचं व्होल्टेज उणे ०.४ वरून अधिक १.३ पर्यंत न्यायचं आणि परत आणायचं, सेकंदाला ४०० व्होल्ट या वेगाने. एक फेरी साडेआठ मिलिसेकंदांत उरकते. सेकंदाला अशा दहा फेऱ्या. जाताना डोपामाइन इलेक्ट्रॉन देतं, येताना त्याचं क्विनोन ते परत घेतं. क जीवनसत्त्व दिलेलं सहसा परत घेत नाही. आलेखाच्या या दुहेरी वळणावरून रसायन ओळखता येतं, सही ओळखावी तसं.

यातही मेख आहे. खुद्द इलेक्ट्रोडचाच करंट डोपामाइनच्या करंटपेक्षा कितीतरी मोठा असतो. तो वजा करावा लागतो, आणि तो मिनिटा-दीड मिनिटात सरकू लागतो. त्यामुळे डोपामाइन आत्ता किती वाढलं वा घटलं ते कळतं. एरवी किती असतं, ते नाही.

तरीही हा धागा माणसापर्यंत पोचला. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत उद्दीपनासाठी इलेक्ट्रोड बसवतात, तेव्हा अनेकदा रुग्ण जागा असतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा १७ जणांना शस्त्रक्रियेदरम्यान शेअर बाजाराचा एक खेळ खेळायला दिला आणि धाग्याने डोपामाइन टिपलं. हे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. कमी पैसे लावले आणि बाजार चढला, तर नफा होऊनही डोपामाइन उतरलं: जास्त लावले असते तर! कमी लावले आणि बाजार पडला, तर तोटा होऊनही ते वाढलं.

आणि हा करंट डोपामाइनचाच, हे कशावरून? जुनाच प्रश्न. जिवंत माणसाच्या डोक्यात पडताळा घेणार कसा? म्हणून आधी प्रयोगशाळेत माहीत असलेल्या प्रमाणाची द्रावणं करून त्यांत धागे बुडवले, शेकडो आलेख काढले, आणि त्यांवर एका सांख्यिकी मॉडेलला डोपामाइन ओळखायला शिकवलं.