शिक्षकी पेशानंतर टेलिमार्क स्की प्रशिक्षक व्हायचंय? ब्रिटनमधली पात्रता आणि कागदपत्रं

टेलिमार्क म्हणजे टाच मोकळी ठेवून केलेलं स्कीइंग. नॉर्वेतल्या टेलिमार्क भागावरून हे नाव पडलं. शाळेतली नोकरी संपवून ब्रिटनमध्ये हे शिकवायचं असेल, तर ब्रिटिश असोसिएशन ऑफ स्नोस्पोर्ट इन्स्ट्रक्टर्स या संस्थेचं सभासदत्व घेऊन कोर्सला नाव नोंदवावं लागतं. पात्रतेचे चार स्तर आहेत. पहिल्यासाठी वय किमान १६ हवं. शिक्षकाची पदवी लागत नाही.

कोर्स पास झालात की काम झालं, असं मात्र नाही. पहिल्या स्तराचं लायसन्स हातात पडायला प्रथमोपचाराचं चालू प्रमाणपत्र, बालसुरक्षेचं प्रशिक्षण, गुन्हेगारी नोंदींची तपासणी आणि स्की स्कूलमधल्या ३५ तासांच्या अनुभवाची नोंद, एवढं सगळं जमवावं लागतं. हे तास कोर्सच्या तारखेची वाट न बघता आधीच भरायला घ्या. सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो.

शिक्षक हमखास अडकतात ते तपासणीच्या दाखल्यापाशी. इंग्लंड-वेल्समध्ये शाळेसाठी काढलेला डीबीएसचा (गुन्हेगारी नोंदी तपासल्याचा) दाखला त्या कामापुरता असतो, तो नव्या ठिकाणी चालेलच असं नाही. स्कॉटलंडमध्ये तर याच तपासणीसाठी पीव्हीजी ही वेगळीच योजना आहे. जिथे शिकवणार, तिथे कोणता दाखला लागतो ते आधी विचारून घ्या.

आता खरी कसोटी. वळणात बाहेरचा पाय पुढे सरकतो, आतला मागे राहतो, त्याचा गुडघा वाकतो आणि टाच उचलली जाते. नवशिक्याचा मागचा पाय नुसता फरफटत येतो, सगळं वजन पुढच्यावर. मागच्या पायाच्या चवड्यावर भार घेता आला पाहिजे, आणि तो दोन्ही बाजूंच्या वळणांत. वर्गातल्या वीस वर्षांनी हे येत नाही, त्यासाठी बर्फावरच दिवस घालवावे लागतात. अनुभव उपयोगी पडतो तो धडा घेताना: कौशल्याचे तुकडे पाडणं, कोण मागे पडतंय ते चटकन ओळखणं. फक्त बोलणं कमी करा. थंडीत उभ्या असलेल्या माणसाला दोन वाक्यं पुरतात.

युरोपात काम करायचा विचार असेल, तर १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश नागरिकांचा तिथे मुक्तपणे काम करण्याचा हक्क संपला आहे. त्या देशाची कामाची परवानगी आणि पात्रतेची मान्यता, दोन्ही सीझन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी मागा.