कागज के फूल (हिंदी चित्रपट, १९५९)

गुरुदत्तचा १९५९ सालचा कृष्णधवल हिंदी सिनेमा. भारतात सिनेमास्कोपमधे (रुंद पडद्याचं तंत्र) काढलेला पहिला चित्रपट अशी याची नोंद होते. लेखन अब्रार अल्वी, कॅमेरा व्ही. के. मूर्ती, कलादिग्दर्शन एम. आर. आचरेकर, संगीत एस. डी. बर्मन, गीतं कैफी आझमी.

कथा बहुतेकांना माहीत असतेच. म्हातारा झालेला दिग्दर्शक सुरेश सिन्हा (गुरुदत्त) रिकाम्या स्टुडिओत येतो आणि मागचं सगळं आठवतो. श्रीमंत सासरचे सिनेमावाल्यांना हलकं समजतात, बायको मुलीला घेऊन वेगळी राहते. दिल्लीत पावसात भेटलेल्या शांतीला (वहिदा रहमान) तो आपला कोट देतो, पुढे ती तो परत करायला स्टुडिओत येते आणि नकळत चालू कॅमेऱ्यासमोरून जाते, त्यातून त्याला त्याच्या 'देवदास'ची पारो सापडते. मग गावभर चर्चा, मुलीचं रडणं, शांतीचं निघून जाणं, दारू, पडलेले सिनेमे. शेवटी तो डायरेक्टरच्या खुर्चीतच मरतो.

खरा वाद आहे तो हा सुरेश सिन्हा कोण याचा. सर्रास सांगितलं जातं की हे गुरुदत्तचं आत्मचरित्र, आणि त्याला आधारही आहेत, कारण भूमिका त्याने स्वतः केली, वहिदाला तेलुगू सिनेमातून हिंदीत त्यानेच आणलं, आणि घरी बायको, गायिका गीता दत्तबरोबर ताण होताच. दुसरं मत असं की मूळ प्रेरणा ज्ञान मुखर्जी. 'किस्मत' (१९४३) सारखा प्रचंड चाललेला सिनेमा देणारा हा दिग्दर्शक नंतर मागे पडला, गुरुदत्त त्याचा सहाय्यक होता, आणि १९५७ चा 'प्यासा' त्याने मुखर्जींच्या स्मृतीलाच अर्पण केलाय. हे दुसरं मत जास्त पटतं. एक साधी गोष्ट विसरली जाते, की हा सिनेमा बनत होता तेव्हा गुरुदत्त पडलेला दिग्दर्शक नव्हताच, 'आर पार', 'मिस्टर अँड मिसेस ५५', 'सी.आय.डी.' (हा फक्त निर्माता म्हणून), 'प्यासा' असे एकामागून एक चाललेले सिनेमे त्याच्या नावावर होते. 'कागज के फूल' तिकिटबारीवर आपटला, त्यानंतर त्याने दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव पुन्हा लावलं नाही, १९६४ मधे तो गेला, आणि मग लोकांनी त्याच्या आयुष्यावरून सिनेमा उलटा वाचायला सुरुवात केली. 'अ स्टार इज बॉर्न' या हॉलिवूडच्या सिनेमाशी साम्यही दाखवलं जातं, पण ते वर जाणारी नटी आणि खाली येणारा पुरुष एवढ्या सांगाड्यापुरतंच.

सिनेमास्कोपमधे खास लेन्स आडवं चित्र दाबून फिल्मवर घेते आणि थिएटरमधे प्रोजेक्टरवरची लेन्स ते परत फाकवते, पडदा उंचीच्या साधारण २.३५ पट रुंद होतो. हॉलिवूडने १९५३ पासून ही रुंदी मुख्यतः भव्य देखाव्यांसाठी वापरली. मूर्तींनी ती रिकामेपणासाठी वापरली, दोन माणसं चौकटीच्या दोन टोकांना आणि मधे स्टुडिओचा नुसता अंधार. 'वक्त ने किया क्या हसीं सितम' मधला वरून तिरका उतरणारा प्रकाशाचा झोत दिव्याचा नाही, उन्हाचा आहे. बाहेर मोठा आरसा लावून ऊन पकडलं, दुसऱ्या आरशाने ते आत वळवलं आणि झोत दिसावा म्हणून धूर सोडला, असं मूर्तींनी स्वतः सांगितलंय. सूर्य सरकतो तसा आरसाही सरकवावा लागतो, म्हणजे शॉटला वेळ किती कमी मिळत असेल याचा अंदाज येतो. त्या झोतात दोघं जागेवरच उभी असतात, फक्त त्यांच्या छाया अंगातून निघून एकमेकींकडे जातात. आवाज गीता दत्तचा, पडद्यावर वहिदा आणि गुरुदत्त, आणि दोघांचेही ओठ हलत नाहीत कारण गाणं कोणाच्याच तोंडी नाही.

स्टुडिओ इथे नुसती जागा नाही. कॅटवॉक (छताजवळची अरुंद चालवाट), बंद दिवे, मोठाली दारं, रिकामे सेट हे सगळं सुरेशच्या बरोबरीने भूमिका करतं, आणि त्याचं मोठं श्रेय आचरेकरांना जातं. शेवटी प्रेत सापडल्यावरही शूटिंग अडू नये म्हणून ते उचलायला सांगितलं जातं, धंद्याबद्दल सिनेमाला जे म्हणायचंय ते त्या एका हुकुमात आलंय.

मूर्ती आणि आचरेकर दोघांनाही या कामासाठी फिल्मफेअर मिळालं. सिनेमाला मान मिळाला तो उशिरा, १९८० च्या दशकात परदेशातही तो दाखवला जाऊ लागला तेव्हा. मूर्तींना २००८ चा दादासाहेब फाळके पुरस्कार दिला गेला, कॅमेरामनला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.