हलकी बंदूक, कमी धक्का? उलट आहे!

सोलापूर भागात ज्यांच्या घरी परवान्याची बारा बोअर (छर्‍यांची बंदूक) आहे, त्यांच्याकडे एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय: पोराला शिकवायचं तर हलकी बंदूक द्या, धक्का कमी बसतो. हे साफ चूक आहे. कोवळे खांदे दुखावतात, म्हणून स्पष्ट सांगतो.

काडतुसातून किती वजन किती वेगाने बाहेर पडतं आणि बंदूक किती जड आहे, यावर धक्का ठरतो. तेच काडतूस साडेतीन किलोऐवजी अडीच किलोच्या बंदुकीतून उडवलं, तर धक्क्याची ऊर्जा सुमारे १.४ पट होते. हलकं करायचं ते काडतूस! ३२ ग्रॅम छर्‍यांऐवजी तेवढ्याच वेगाचं २४ ग्रॅमचं घ्या. धक्क्याची ऊर्जा सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होते. २४ ग्रॅमला कमी लेखू नका, ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीटमध्ये (उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीत) याहून जड भार चालत नाही. काहीजण .४१० ही बारीक नळीची छर्‍यांची बंदूक सुचवतात. तिचा धक्का कमी, पण छर्रेही मोजके. नवशिक्याचा नेम चुकत राहतो.

शिकवायचं ते मातीच्या तबकड्यांवर, अधिकृत रेंजवर, प्रशिक्षकासमोर. नान्नजच्या माळावरचं काळवीट असो की बांधावरचा ससा, १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा आहे.

आणि कानांना संरक्षण द्याच. पुष्कळदा पोर धक्क्याला नव्हे, आवाजाला दचकतं.