सुलेमानियेचं वजन जातं कुठे?

मोसंबीची अर्धी साल ओट्यावर पालथी ठेवा आणि तळव्याने हळूच दाबा. माथा खाली जाणार हे ठरलेलंच. पण लक्ष ठेवा ते कडेकडे. ती बाहेर सरकते आणि जागोजागी उभी चिरते. विटांच्या घुमटाचं दुखणं नेमकं हेच. वजन सरळ खाली आलं तर कुठलीही जाड भिंत ते पेलते, पण घुमट भिंतीला बाहेरही रेटतो आणि त्या रेट्यापुढे भिंती हात टेकतात.

इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत शिरल्यावर या रेट्याचा मागमूस लागत नाही. डोक्यावर साडेसव्वीस मीटर व्यासाचा घुमट आहे, त्याचा माथा फरशीपासून ५३ मीटरवर, म्हणजे व्यासाच्या दुप्पट उंचीवर. आत लख्ख उजेड आहे. भिंतींत इतक्या खिडक्या आहेत की हे सगळं तोलतंय कोण, असा प्रश्न पडावा.

ऑटोमन सुलतान सुलेमानने ही मशीद १५५० ते १५५७ या काळात बांधून घेतली. तिचा वास्तुकार मिमार सिनान. ‘मिमार’ म्हणजेच वास्तुकार, आडनाव नव्हे. काइसेरीजवळच्या एका ख्रिस्ती घरातला हा मुलगा सक्तीच्या भरतीत उचलला गेला, मुसलमान झाला आणि जानिसारी फौजेत, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळात, दाखल झाला. तरुणपण मोहिमांवर गेलं. मोल्दावियाच्या स्वारीत प्रुत नदीवर त्याने घाईघाईने लष्करी पूल उभारला. १५३९च्या सुमारास तो साम्राज्याचा मुख्य वास्तुकार झाला तेव्हा पन्नाशीच्या आसपास होता. माझ्या मते सिनान समजून घ्यायचा तर आधी हा पूल बांधणारा सैनिक डोळ्यांसमोर आणावा. नदीचा लोंढा काय आणि घुमटाचा रेटा काय, दोन्ही ठिकाणी जोर कुठून कुठे जातो हेच आधी पाहावं लागतं.

त्याच्यासमोर एक जुना धडाही होता. तिथून जेमतेम दीड-पावणेदोन किलोमीटरवर हागिया सोफिया उभी आहे, ५३७ साली चर्च म्हणून पुरी झालेली. तिचा घुमट सुलेमानियेपेक्षा मोठा, सुमारे ३१ मीटरचा. पण तो पहिल्यांदा बांधला तेव्हा फारच चपटा होता. घुमट जितका चपटा तितका बाहेरचा रेटा अधिक. भूकंपाचे धक्के बसले आणि ५५८ साली तो कोसळला. नंतरचा घुमट अधिक उंच, अधिक फुगीर बांधला, तरी पुढच्या शतकांत त्याचेही भाग दोनदा पडले. तिला बाहेरून दगडी धिरे देत जावं लागलं. पुढे सुलेमानचा मुलगा सेलिम दुसरा याच्या काळात तिच्या डागडुजीचं काम सिनानच्याच वाट्याला आलं.

सुलेमानियेचा आराखडा हागिया सोफियाचाच आहे, हे सिनानने लपवलं नाही. मधे मोठा घुमट, पुढे-मागे एकेक अर्धघुमट, डाव्या-उजव्या बाजूला प्रचंड कमानी. मुख्य घुमटाचं ओझं चार कमानींवर येतं. चौकोन आणि वर्तुळ यांच्या सांध्यात चार वळणदार त्रिकोण बसवलेले आहेत, ते हे ओझं कोपऱ्यांकडे वळवतात. कोपऱ्यांत चार अजस्र दगडी खांब. पुढे-मागे सुटणारा रेटा अर्धघुमट अंगावर घेतात, आणखी लहान घुमटांकडे सोपवतात. असा तो पायरी-पायरीने जमिनीकडे उतरतो. बाहेरून दिसणारी ती घुमटांची उतरंड शोभेची नाही, रेट्याच्या उतरण्याचीच ती वाट आहे.

डाव्या-उजव्या बाजूंना मात्र अर्धघुमट नाहीत. तिथे जाड धिरे हवेच. सिनानने ते भिंतीच्या अर्धे आत आणि अर्धे बाहेर ठेवले आणि दोन्हीकडे खांबांच्या ओवऱ्या बांधून झाकून टाकले. नमाजाला येणाऱ्याला सज्जे आणि ओवऱ्या दिसतात, धिरा दिसत नाही. चार मोठ्या खांबांच्या डोक्यावर बाहेर छोटे बुरूज दिसतात, तेही फुकाचे नाहीत. तिरक्या रेट्यावर वरून सरळ वजन टाकलं की दोहोंचा मिळून जोर अधिक उभा होतो आणि खांबाच्या आत राहतो. उडणाऱ्या कागदावर आपण वजन ठेवतो, तसाच काहीसा हा प्रकार.

चुन्याचीही थोडी गोष्ट सांगायला हवी. तिथले गवंडी चुन्यात भाजलेल्या विटांची पूड घालत आणि त्याला ‘होरासान’ म्हणत. आपल्याकडे त्यालाच सुरखी म्हणतात. भाजलेल्या मातीतल्या सिलिका आणि ॲल्युमिनाची चुन्याशी पाण्यात प्रक्रिया होते, म्हणून हा गिलावा ओलसर जागीही घट्ट होतो. तो आजच्या सिमेंटइतका कडक नसतो आणि सावकाश पक्का होतो. बांधकाम जरा बसलं, हललं तर लगेच तडकत नाही. दगडांना जोडायला लोखंडी आकडे होते आणि त्यांच्या खाचांत वितळलेलं शिसं ओतलेलं. भूकंपाच्या शहरात अशी थोडी लवचिकता मोलाची असते. तरी १७६६च्या भूकंपात घुमटाचा काही भाग पडलाच. त्याआधी १६६०ची आग झाली होती, आणि पहिल्या महायुद्धात अंगणात ठेवलेल्या दारूगोळ्याने पुन्हा पेट घेतला.

या कामाचे जमाखर्च आजही उपलब्ध आहेत आणि ते वाचनीय आहेत. चाबकाखाली राबणारे गुलाम असं चित्र आपल्या मनात असतं, पण गलबतांवरच्या कैद्यांचा वाटा कामाच्या जेमतेम विसाव्या हिश्शाइतका होता. निम्म्याहून अधिक काम रोजंदारीवरच्या स्वतंत्र कारागिरांनी केलं, बाकीचं बरंचसं जानिसारी भरतीतल्या पोरांनी. कारागिरांत जवळपास निम्मे ख्रिस्ती होते. रंगीत काचांच्या खिडक्या करणारा इब्राहिम तर ‘सरहोश’, म्हणजे दारूडा, या नावाने ओळखला जाई!

आता आवाज. विजापूरच्या गोलघुमटात शाळेच्या सहलीला जाऊन ओरडला नाही असा माणूस सोलापूर-सांगलीकडे विरळा. १६५६चा तो घुमट बाहेरून ४४ मीटर व्यासाचा, सुलेमानियेहून कितीतरी मोठा. तिथे अर्धघुमटांची उतरंड नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी आतल्या बाजूला झुकतात आणि त्यांचं वजनच बाहेरच्या रेट्याला थोपवतं. ती कबर आहे. हाक पुन्हा पुन्हा घुमली तर कौतुकच. मशिदीत मात्र इमामाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कळला पाहिजे.

अडचण किती मोठी, ते साध्या हिशेबाने दिसतं. फरशीजवळून निघालेला आवाज ५० मीटर वर जाऊन परत आला की १०० मीटर झाले. सेकंदाला ३४० मीटर या वेगाने त्याला तीन दशांश सेकंद लागतात, आणि एवढ्या अंतराने आलेला प्रतिध्वनी कानाला वेगळा ऐकू येतो. त्यात गोलाकार पृष्ठभाग आवाज एका जागी गोळाही करतो. पण सुलेमानियेच्या घुमटाच्या गोलाचं केंद्र जमिनीपासून सुमारे ४० मीटरवर येतं. तिथे कोणीच उभं नसतं. खाली येईपर्यंत तो आवाज पुन्हा फाकलेला असतो. कोनाडे, सज्जे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं कोरीवकाम त्याला आणखी विखुरतात. घुमटात तोंड आतल्या बाजूला ठेवून मातीची मडकी बसवलेली आहेत. बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर ती जशी एकाच सुरात घुमते, तसं प्रत्येक मडकं आपल्या ठरावीक सुराला साद देतं आणि त्याचा जोर शोषतं.

हे सगळं अगदी अचूक जमलं असं म्हणणं मात्र भाबडेपणाचं ठरेल. गालिचे उंच सूर शोषतात, खर्जातले सूर रेंगाळतात. कुराणपठणाला ते रेंगाळणं खुलवतं, भाषणाला नाही. म्हणून तर इमामाचे शब्द मोठ्याने पुढे पोहोचवणाऱ्या मुअज्जिनांसाठी उंच ओटा असे. सिनान घुमटाखाली हुक्का गुडगुडत बसला होता, सुलतान संतापून आला आणि पाहतो तर नुसतं पाणी, आवाजाची परीक्षा चाललेली, ही गोष्ट तिथे हमखास सांगतात. छान आहे, पण तंबाखू त्या मुलखात पोहोचला तो १६००च्या आसपास आणि सिनान वारला १५८८ साली.

दिव्यांच्या धुराची गोष्ट अधिक भरवशाची. तेलाचे असंख्य दिवे जळायचे, काजळी रंगकामावर बसण्याची भीती. मुख्य दाराच्या वर एक खोली आहे, ‘इस ओदासी’, काजळीची खोली. दिव्यांची गरम हवा वर चढते, तिला तिकडे वाट दिली की धूर बरोबर नेते आणि काजळी तिथे जमते. ती काजळी डिंकात घोटून सुलेखनकारांसाठी शाई बनवत. आपल्याकडेही पोथ्यांची शाई काजळ-डिंकाचीच.

भोवती मदरसे, इस्पितळ, लंगर, हमाम असं अख्खं संकुल आहे. मागच्या बागेत सुलेमान आणि त्याची बायको हुर्रेम यांच्या कबरी आहेत. सिनानची कबर आवाराबाहेर, रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या एका अरुंद त्रिकोणी तुकड्यात आहे, त्याने स्वतःसाठी बांधलेली. तिच्यावरही एक घुमट आहे, अगदी लहानसा.