रेडिएटर स्प्रिंग्ज आलं कुठून?

पिक्सार स्टुडिओच्या 'कार्स' या बोलक्या गाड्यांच्या अॅनिमेशनपटात मध्यावर दोन-तीन मिनिटं अशी येतात की त्यांत शर्यत नाही आणि हशाही नाही. जेम्स टेलरच्या आवाजात एक गाणं सुरू होतं आणि रेडिएटर स्प्रिंग्ज हे गाव पूर्वी कसं नांदत होतं ते दिसतं. पंपावर गाड्यांची वर्दळ, मोटेलच्या खोल्या भरलेल्या, दुकानदार प्रत्येक गाडीला ओळख देणारे. मग पलीकडून सरळसोट नवा महामार्ग निघतो, गावाचं नाव नकाशावरून जातं आणि एकेक दिवा मालवत जातो. लहान मुलं नेमकी याच वेळी पाणी प्यायला उठतात. मोठी माणसं मात्र बसून राहतात, कारण बायपास झाल्यावर गावाचं काय होतं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

९ जून २००६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला हा चित्रपट पिक्सारच्या उत्तम कामांच्या यादीत सहसा खालीच टाकला जातो. खेळणी विकणारा सिनेमा, असंही म्हणतात. खेळणी अफाट विकली गेली हे खरंच आहे. पण या गोष्टीखाली जी जमीन आहे, ती त्या स्टुडिओच्या दुसऱ्या कुठल्याच चित्रपटाला लाभलेली नाही, असं माझं ठाम मत आहे. गाव काल्पनिक, गाड्या बोलणाऱ्या; रस्ता मात्र खरा आणि त्याचं मरणही खरं.

तो रस्ता म्हणजे रूट ६६. ११ नोव्हेंबर १९२६ ही त्याची जन्मतारीख. शिकागोहून निघून आठ राज्यांतून तो कॅलिफोर्नियात पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत जायचा. लांबी सुमारे ३,९४० किलोमीटर. ओक्लाहोमातल्या टल्सा शहराचे सायरस एव्हरी यांना या रस्त्याचे जनक मानतात. रस्ता आपल्या शहरावरून आणि गावोगावच्या पेठांमधून जावा यासाठी ते झगडले. म्हणून तो सरळ न जाता प्रत्येक गावाच्या भर बाजारातून वळणं घेत गेला, आणि त्याच वळणांवर पंप, गॅरेजं, खानावळी, मोटेलं उभी राहिली. १९३०च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेती बुडालेली हजारो कुटुंबं मोडक्या गाड्यांवर संसार बांधून याच रस्त्याने पश्चिमेला गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तोच रस्ता सुट्टीला निघालेल्या सुखवस्तू कुटुंबांचा झाला. रस्त्याकाठच्या गावांनी दोघांनाही पेट्रोल विकलं, जेवू घातलं.

१९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. नवे रस्ते रुंद, बिनसिग्नलचे आणि गावांना टाळून जाणारे होते. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. जुना दुपदरी रस्ता खरोखरच अपुरा आणि जीवघेणा झाला होता. पण एकेका टप्प्याचं उद्घाटन म्हणजे एकेका गावाचं उत्पन्न बंद, असा तो हिशेब झाला. अॅरिझोनातल्या सेलिग्मनवर ही पाळी २२ सप्टेंबर १९७८ रोजी आली. आंतरराज्य ४० क्रमांकाचा महामार्ग खुला झाला आणि गावातली वाहतूक त्याच दिवशी आटली. एंजल डेल्गाडिओ हे गावचे न्हावी. गाड्यांचा आवाज थांबला तो दिवस त्यांनी पुढे कित्येकांना सांगितला, आणि पिक्सारची माणसं त्यांच्या दुकानात आली तेव्हा त्यांनाही. विल्यम्स हे बायपास झालेलं शेवटचं गाव, ऑक्टोबर १९८४ मध्ये. पुढच्याच वर्षी रूट ६६ सरकारी यादीतून अधिकृतपणे वगळला गेला.

डेल्गाडिओ रडत बसले नाहीत. १९८७ मध्ये त्यांनी गावकऱ्यांना जमवून संघटना काढली आणि अॅरिझोना राज्याकडून जुन्या रस्त्याला ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळवला. इतर राज्यांतही मग तशाच संघटना उभ्या राहिल्या. चित्रपटातली सॅली ही गाडी गाव पुन्हा उभं करायचं म्हणून हट्ट धरते, त्या हट्टाला हा असा आधार आहे.

चित्रपटाची पहिली कल्पना मात्र या रस्त्याची नव्हती. १९९८च्या सुमारास पिक्सारमधले डॅनिश चित्रकार यॉर्गन क्लुबियन यांनी एका पिवळ्या विजेवरच्या गाडीची गोष्ट मांडली होती. पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांच्या जगात तिला कुणी आपलं म्हणत नाही, अशी ती कुरूप वेड्या पिल्लाच्या वळणाची कथा. दुसरी कामं आडवी आली आणि ती मागे पडली. दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांचे वडील शेव्हरोलेच्या विक्रीकेंद्रात सुट्या भागांचा विभाग सांभाळत, त्यामुळे गाड्यांचा नाद घरचाच. पण गोष्ट सापडली ती २००० सालच्या उन्हाळ्यात. वर्षानुवर्षं कामात बुडालेल्या लॅसेटरना पत्नीने बजावलं की मुलं मोठी होतील आणि तुम्हाला कळणारही नाही. त्यांनी जुनी मोटरहोम घेतली आणि पाच मुलांसह दोन महिने देशभर फिरले, शक्यतो महामार्ग टाळून. परतले ते कथेचं सूत्र घेऊनच: फक्त पहिलं यायचं ठाऊक असलेल्या गाडीला थांबायला लागलं तर?

२००१ मध्ये चार पांढऱ्या कॅडिलॅक गाड्यांतून अकरा जणांची तुकडी ओक्लाहोमा सिटीहून नऊ दिवसांसाठी रूट ६६वर निघाली. वाटाड्या होते या रस्त्याचे इतिहासकार मायकल वॉलिस. चित्रपटातल्या शेरीफचा आवाज त्यांचाच. वाटेत जे दिसलं ते गावात उतरलं. टेक्सासमधल्या शॅमरॉकचा १९३६ सालचा मनोऱ्याचा पंप म्हणजे चित्रपटातल्या रमोन या गाडीचं रंगकामाचं दुकान. अॅरिझोनातल्या हॉलब्रुकमध्ये तंबूच्या आकाराच्या खोल्यांचं मोटेल आहे. गाड्यांच्या जगात त्या खोल्या रस्त्यावर ठेवतात तसले नारिंगी शंकू झाल्या. अॅमरिलोजवळच्या शेतात नाकावर पुरून ठेवलेल्या दहा कॅडिलॅक म्हणजे गावामागच्या डोंगररांगा. कॅन्ससमधल्या गॅलेनात १९५१ सालचा, गाड्या ओढायचा एक ट्रक गंजत पडला होता. सहदिग्दर्शक जो रॅन्फ्ट यांच्या नजरेला तो पडला आणि त्यावरून चित्रपटातला गंजका ट्रक मेटर झाला.

यातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा किस्सा बॉब वॉल्डमायर यांचा. हे भटके चित्रकार फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनमध्ये राहत आणि रूट ६६ची बारीक रेघांची चित्रं काढत. त्यांच्यावरून बेतलेल्या हिप्पी व्हॅनला त्यांचंच नाव द्यायचं पिक्सारच्या मनात होतं. वॉल्डमायर पक्के शाकाहारी. आपल्या नावाचं खेळणं बर्गरच्या पुड्याबरोबर वाटलं जाईल, हे त्यांना मानवेना. त्यांनी नकार दिला आणि व्हॅनचं नाव फिलमोर ठेवावं लागलं. २००९ मध्ये ते वारले. त्यांची व्हॅन इलिनॉयमधल्या पाँटिअॅकच्या संग्रहालयात उभी आहे.

चित्रपटातल्या डॉक हडसन या एकेकाळच्या विजेत्या शर्यतीच्या गाडीची कथा मात्र रूट ६६ची नाही. ती डेट्रॉइटची आणि दक्षिणेतल्या मातीच्या शर्यतपट्ट्यांची आहे. हडसन कंपनीने १९४८ पासून गाडीची बैठक चौकटीच्या आत, खाली बसवली. त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला आणि वळणावर ती जमिनीला धरून राहू लागली. १९५१ मध्ये त्याच बांधणीत पाच लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन घालून हॉर्नेट आली. मोठ्या कंपन्यांच्या आठ सिलिंडरच्या गाड्या तिच्यामागे धूळ खात राहिल्या. नॅस्कार या अमेरिकी मोटारशर्यतींच्या १९५२ च्या हंगामातल्या ३४ पैकी २७ शर्यती हडसनने जिंकल्या. १९५१ आणि १९५३ चं अजिंक्यपद हर्ब थॉमस यांचं, १९५२ चं टिम फ्लॉक यांचं. डॉकचे तीन चषक याच तीन वर्षांचे आहेत. १९५४ मध्ये अजिंक्यपद ली पेटी यांच्याकडे गेलं. चित्रपटातल्या 'द किंग' या शर्यतीच्या गाडीला आवाज देणारे रिचर्ड पेटी हे त्यांचेच चिरंजीव. त्याच वर्षी हडसन नॅश कंपनीत विलीन झाली, आणि १९५७ नंतर हडसन नावाची गाडी निघालीच नाही. १९५६ मध्ये हर्ब थॉमस एका शर्यतीत भीषण जखमी झाले आणि त्यांची कारकीर्द तिथेच संपल्यात जमा झाली. गॅरेजच्या अंधारात आपले चषक झाकून ठेवणारा डॉक माणूस म्हणूनही खरा आणि गाडी म्हणूनही खरा आहे. त्याला आवाज देणारे पॉल न्यूमन स्वतः ल मांसच्या २४ तासांच्या शर्यतीत १९७९ साली दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीचे एक चालक होते. चित्रपटगृहात लागलेल्या कथापटांतली ही त्यांची शेवटची भूमिका. २०१७ च्या तिसऱ्या भागात डॉक बोलतो तो त्यांच्या जुन्या, न वापरलेल्या ध्वनिमुद्रणांतून.

गाड्यांना डोळे कुठे द्यायचे, हा प्रश्न डिस्नेच्याच १९५२ सालच्या एका लघुपटाने सोडवून ठेवला होता. त्यात शोरूममधली निळी कूपे गाडी जुनी होते, भंगारात जाते आणि पुन्हा उभी राहते. तिचे डोळे पुढच्या काचेवर होते. हेडलाइटच्या जागी डोळे दिले की ते तोंडाला चिकटतात आणि गाडी सापासारखी दिसते. काचेवर दिले की पूर्ण चेहरा मिळतो. तंत्राच्या बाजूने कसोटी चकचकीत पत्र्याची होती. त्यात आजूबाजूचं जग खऱ्यासारखं उमटावं म्हणून प्रकाशकिरणांचा मार्ग मोजणारी, संगणकाला दमवणारी पद्धत पिक्सारने इथे पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर वापरली.

हे सगळं पडद्यावर आलेलं पाहायला जो रॅन्फ्ट नव्हते. ऑगस्ट २००५ मध्ये कॅलिफोर्नियात ते प्रवास करत असलेली गाडी रस्ता सोडून खाली पाण्यात कोसळली आणि ते दगावले. चित्रपट त्यांना अर्पण केला आहे. चित्रपटाची नायक असलेल्या लाल शर्यतीच्या गाडीचं मॅक्वीन हे नाव ग्लेन मॅक्वीन यांचं. पिक्सारचे हे अॅनिमेटर २००२ मध्ये कर्करोगाने गेले होते.

आता सेलिग्मनमध्ये आंतरराज्य ४० वरून मुद्दाम खाली उतरून लोक येतात, रेडिएटर स्प्रिंग्ज शोधत. दुकानांपुढे जुन्या गाड्या उभ्या आहेत आणि त्यांच्या काचांवर डोळे काढलेले आहेत. गॅलेनाचा गंजका ट्रकही जुन्या पंपापाशी तसाच उभा आहे, गंजासकट. मुलं धावत येतात आणि त्याला मेटर म्हणूनच हाक मारतात.